करण्यासारखं काही नाही

काही न करता ‘सगळं झालेलं आहे’ असं सांगणारा माणूस ऑफिसात कुणालाच खपत नाही. लिहिलेल्या फायलींपासून प्रोग्राम बांधून देणारी मेक ही कमांड नेमकं तेच करते, आणि मला तिचं त्यासाठीच कौतुक वाटतं. एंटर दाबलं की एका ओळीत उत्तर: ‘नथिंग टू बी डन’. करण्यासारखं काही नाही, जा.

हे ठरवायला ती बघते काय, तर फायलींच्या वेळा. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फायलीपेक्षा नवी असेल, तर तेवढीच पुन्हा कंपाइल करायची (म्हणजे यंत्राला चालेल अशा रूपात आणायची), बाकीच्यांना हात लावायचा नाही. आत काय बदललं याच्याशी तिला देणंघेणं नाही. ‘टच’ कमांडने नुसती तारीख-वेळ पुढे सरकवली तरी बिचारी मुकाट्याने कामाला लागते.

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. याक या प्रोग्रामरांच्या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एकदा तणतणत त्यांच्या खोलीत शिरले. अख्खी सकाळ एका बगमागे, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीमागे, गेली होती आणि बग तर आधीच दुरुस्त झालेला. ती फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. अशी सकाळ वाट्याला न आलेला प्रोग्रामर मला अजून भेटायचाय.

बसवायला फारसं काही लागत नाही. उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा पॅकेजांचा संच टाकला की मेक येतं. मॅकवर ॲपलच्या कमांड लाइन टूल्ससोबत येतं, पण ३.८१ ही आवृत्ती, म्हणजे २००६ सालचं. खरी परीक्षा मेकफाइल, म्हणजे काय कशापासून बनवायचं याच्या नियमांची फाइल, लिहिताना. नियमाखालच्या कमांडच्या आधी टॅबच हवा. स्पेस दिल्या तर पडद्यावर ओळ हुबेहूब तशीच दिसते आणि मेक म्हणतं, ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ एडिटरात अदृश्य अक्षरं दाखवायची सोय चालू करावी, तेव्हा कुठे टॅबच्या बाणाच्या जागी बसलेले स्पेसचे चार ठिपके सापडतात. फेल्डमन तेव्हा मजकुराचे तुकडे ओळखणारं लेक्स हे साधन शिकत होते, त्यात गुरफटले, म्हणून सोपा मार्ग काढला: नवी ओळ आणि टॅब. काही आठवड्यांत डझनभर लोक ते वापरू लागले, बहुतेक मित्रच. त्यांची घडी कशाला विस्कटा, म्हणून टॅब राहिला. बारा जणांची भीड जगभरच्या प्रोग्रामरांना पडली!

आता कंपाइल करायला मेक वापरणारे आमच्याकडे थोडेच. डॉकर, एनपीएम अशा साधनांच्या लांबलचक कमांडी पाठ कोण करणार, म्हणून त्यांना मेकफाइलीत छोटी नावं द्यायची आणि ‘मेक रन’, ‘मेक टेस्ट’ एवढ्यावर भागवायचं. यात एक गंमत होते. प्रोजेक्टमध्ये ‘टेस्ट’ नावाचा फोल्डर असतोच. मेकला वाटतं हीच ती बनवायची वस्तू, आणि ती तर समोर हजर आहे. मग ‘टेस्ट अप टू डेट आहे’ असं सांगून मोकळं. एकही चाचणी चाललेली नसते, तरी नवीन आलेली मंडळी खूश. म्हणून मेकफाइल उघडली की मी आधी ‘.फोनी’ची ओळ शोधतो (हे नाव फायलीचं नाही, नुसत्या कामाचं, असं ती मेकला सांगते), बाकीचं नंतर वाचतो.