काकांच्या तीन गोळ्या आणि एकच नस

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की कळतं, लोक औषध अवयवावरून ओळखतात. पोटाची गोळी, डोळ्याचे ड्रॉप, दम्याचा पंप. आमच्या नौपाड्यातले एक काका, सत्तरी पार, पोटात मुरडा आला की डायसायक्लोमिन, रात्री लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून सोलिफेनासिन, वर सर्दीची क्लोरफेनिरामिनवाली गोळी स्वतःच्या मनाने. आणि तक्रार काय, तर तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, पेपरातली अक्षरं पुसट दिसतात. काकांच्या मते हा उन्हाळा.

अहो कसला उन्हाळा, तिन्ही गोळ्या एकाच खानदानातल्या! आपण निवांत असताना लाळ, पचन, लघवी हे सगळं पॅरासिम्पथेटिक नसा बघतात, आणि त्यांचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. 1921 मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस (तीही पॅरासिम्पथेटिकच) चाळवली, ते हृदय मंदावलं, मग त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं तर तेही मंदावलं, म्हणजे निरोप रसायनाचाच. 1936 ला नोबेल मिळालं. ही औषधं त्या रसायनाची जागा अडवून बसतात, बस. गोळी पोटासाठी घेतली तरी रक्तातून सगळीकडेच जाते, म्हणून तीन घेतल्या की परिणाम साचतो, म्हातारपणी तर कधीकधी माणूस चक्क बरळायला लागतो आणि घरचे समजतात विसरभोळेपणा वाढला.

पण याच खानदानातलं ॲट्रोपिन जीव पण वाचवतं हां. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात गेलं की ॲसिटिलकोलिन साचत जातं, तोंडाला फेस, छातीत पाणी, नाडी मंद. तेव्हा ॲट्रोपिनचे डोस चढवत नेतात, छाती मोकळी होईपर्यंत. आणि हे ॲट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असतं, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो तोच. खाऊन बघू नका प्लीज.

प्रोस्टेट वाढलेलं असेल किंवा काचबिंदू असेल तर या गोळ्या मनाने घेऊच नका, लघवी अडकते, डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

हल्ली घोडबंदरच्या टॉवरमधली पोरांची आईबाबा मंडळी पण ॲट्रोपिन मागायला येतात, मायनस नंबर वाढू नये म्हणून डॉक्टर 0.01 टक्क्याचे ड्रॉप लिहून देतात. बाटलीवरचा आकडा नीट बघा, 1 टक्क्याचेही मिळतात, ते शंभरपट कडक.