रेडिओ ४ वरचा एक गुरुवार

बीबीसीच्या रेडिओ ४ या वाहिनीवर जाहिराती नसतात आणि गाणीही फारशी लागत नाहीत. माणसे बोलतात आणि आपण ऐकतो. ३० सप्टेंबर १९६७ रोजी या वाहिनीने जुन्या 'होम सर्व्हिस'ची जागा घेतली. तेव्हापासून बातम्या, शेती, तत्त्वज्ञान, नाटक, विनोद, संसदेचा वृत्तान्त आणि समुद्राचे हवामान असा सगळा संसार केवळ शब्दांच्या बळावर चालवण्याचा तिचा शिरस्ता टिकून आहे. इंग्लंडात राहायला आल्यापासून आमच्या घरी ती बहुधा लागलेलीच असते. मला तिच्या वेळापत्रकाचे विशेष अप्रूप वाटते, कारण आपण होऊन कधीच निवडला नसता असा विषय ते आपल्या पुढ्यात आणून ठेवते.

पहाटेच्या बातम्यांनंतर 'शिपिंग फोरकास्ट', म्हणजे जहाजांसाठीचा समुद्राच्या हवामानाचा अंदाज लागतो. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग केलेले आहेत. व्हायकिंगपासून सुरुवात करून निवेदक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर, थेम्स अशी नावे घेत जातो आणि प्रत्येक विभागातील वाऱ्याची दिशा व जोर, पाऊसपाणी आणि समुद्रावर किती दूरवरचे दिसेल हे ठरलेल्या क्रमाने सांगतो. क्रियापदे जवळपास नसतातच. वादळ 'लवकरच' येईल असे म्हटले, तर ते सहा ते बारा तासांत येईल असा त्याचा नेमका अर्थ असतो, आणि दृश्यमानता 'चांगली' म्हणजे पाच सागरी मैलांहून अधिक. एकाही शब्दाची उधळपट्टी होत नाही. फिनिस्टेअर या विभागाला २००२ मध्ये फिट्झरॉय हे नाव देण्यात आले, ते ब्रिटिश हवामान खात्याचे संस्थापक रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या स्मरणार्थ. ज्याने आयुष्यात होडीत पाऊल ठेवले नाही, असा माणूसही हे निवेदन मनापासून ऐकतो, याचे मला आता नवल वाटत नाही. माहिती स्वच्छ आणि लयीत सांगितली, की तिला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही.

त्यानंतर शेतीचा छोटा कार्यक्रम होतो आणि सहा वाजता १९५७ पासून चालत आलेला 'टुडे' हा बातम्या आणि मुलाखतींचा कार्यक्रम सुरू होतो. सकाळी आठनंतरची मोठी मुलाखत हा त्याचा गाभा असून तिथे मंत्र्यालाही आडवेतिडवे प्रश्न चुकत नाहीत. याच गदारोळात काही मिनिटे बाजूला काढून एखादा ख्रिस्ती, हिंदू, शीख, ज्यू किंवा मुस्लिम वक्ता श्रद्धेच्या अंगाने दिवसाच्या घडामोडींकडे पाहतो. भारतातील खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याला रेडिओवरची अशी उलटतपासणी ऐकायला मिळणे दुरापास्तच.

गुरुवारी नऊ वाजता 'इन अवर टाइम' लागतो. १९९८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम मेल्विन ब्रॅग यांनी पंचवीसहून अधिक वर्षे चालवला. तीन अभ्यासक आणि एक सूत्रधार, एवढाच सरंजाम. विषय मध्ययुगीन राज्यकर्त्याचा असो, गणितातल्या एखाद्या सिद्धान्ताचा असो वा परजीवी कीटकांचा असो, श्रोत्याला काही ठाऊक नाही, पण समजून घेण्याची त्याची कुवत पूर्ण आहे, असे धरूनच चर्चा चालते. श्रोत्याला दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो. दहा वाजता 'वुमन्स आवर' येतो. १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला सूत्रसंचालक एक पुरुष होता. आज ऋतुनिवृत्तीपासून समान वेतनापर्यंत सगळे तिथे मोकळेपणाने बोलले जाते.

दुपारच्या बातम्या मी ओझरत्या ऐकते. सव्वादोनच्या नाटकाला मात्र हातातले काम बाजूला पडते. दार लोटल्याचा आवाज, जिन्यावरची पावले आणि दोन माणसांमधली शांतता एवढ्यावरच पाऊण तासाचे नाटक उभे राहते.

संध्याकाळी सहाच्या बातम्यांपूर्वी बिग बेनचे टोले ऐकू येतात आणि सातला 'द आर्चर्स'. १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होणारी ही मालिका अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यात घडते. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नधान्य अजून मोजूनमापून मिळत होते आणि शेतकऱ्यांपर्यंत नवी तंत्रे गोष्टीच्या रूपाने पोहोचवावीत, हा तिचा मूळ हेतू होता. आकाशवाणीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले संवाद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना लगेच ओळखीची वाटेल. २२ सप्टेंबर १९५५ रोजी आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी दूरचित्रवाणी सुरू झाली, त्याच रात्री मालिकेतील ग्रेस आर्चर आगीत मरण पावली आणि दुसऱ्या दिवशी तिचीच चर्चा झाली. नॉर्मन पेंटिंग यांनी फिलिप आर्चरची भूमिका सुरुवातीपासून २००९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत केली. म्हणजे श्रोत्यांनी एका माणसाचे तारुण्य आणि म्हातारपण केवळ आवाजातून ऐकले.

पुढे २०१६ मध्ये हेलन या पात्राच्या कथेने देश हलवला. तिचा नवरा रॉब तिला मारहाण करण्याआधी कित्येक महिने गोड बोलून तिचे मित्र, पैसा आणि आत्मविश्वास काढून घेत होता. जोडीदारावरचा असा मानसिक जाच इंग्लंड व वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून कायद्याने गुन्हा ठरला होता, पण तो घरात नेमका कसा चालतो, हे रोजच्या तेरा मिनिटांच्या त्या भागांनी जितके कळले, तितके कोणत्याही माहितीपत्रकाने कळले नसते. मालिका संथ चालते म्हणून ती सोडून देणाऱ्यांना मी हेच सांगते, की तो जाच संथपणे वाढतो आणि म्हणूनच तो दाखवायला अशी संथ मालिका लागते.

रात्री पावणेअकराला पुस्तकवाचन होते, साडेअकराला संसदेचा दिवसभराचा वृत्तान्त येतो आणि १२ वाजून ४८ मिनिटांनी पुन्हा समुद्राचे हवामान. एक वाजता बीबीसीची जगभरासाठीची 'वर्ल्ड सर्व्हिस' सूत्रे हाती घेते.

या सगळ्याचा खर्च मुख्यतः दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांनी दरवर्षी भरायच्या परवाना शुल्कातून निघतो. निव्वळ रेडिओसाठी लागणारा परवाना १९७१ मध्येच रद्द झाला. बीबीसी ज्या सनदेवर चालते ती सध्याची राजसनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते आणि पुढे पैसा कसा उभारायचा, यावर वाद चालू आहे. काटकसर करायची झाली, की बोलक्या रेडिओत सर्वांत महाग पडणाऱ्या नाटकावर आधी कुऱ्हाड येते. पंधरा मिनिटांची रोजची नाट्यमालिका २०२१ मध्ये बंद झाली. 'हवे ते हवे तेव्हा ऐका' ही सोय चांगलीच आहे आणि मीही तिचा लाभ घेते, परंतु तेवढ्याने भागेल असे मानून हे वेळापत्रक मोडीत काढणे मला मान्य नाही. मी आपण होऊन परजीवी कीटकांवरची चर्चा कधीही शोधली नसती. माझ्यासारख्या श्रोत्यांनी बीबीसीला आणि आपल्या खासदाराला तसे लिहून कळवावे. मी माझे पत्र धाडले आहे.