मीटिंग ठेवली ऐन वेचणीत

माझ्या मावसभावाचा पोरगा इंग्लंडात नोकरीला आहे. 2024 च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारनं लोकांनाच विचारलं म्हणे, एनएचएस कशी सुधारायची ते सांगा. एनएचएस म्हणजे त्यांची 1948 पासूनची सरकारी दवाखान्याची व्यवस्था, टॅक्सच्या पैशावर चालते, दाखवायला गेलं की डॉक्टरची फी नाही. ह्यानंबी मोबाईलवर लिहून टाकलं की सकाळी 8 वाजता दवाखान्याला फोन लावतो अन लाईन लागेपर्यंत त्या दिवशीचे नंबर संपलेले असतात. 2025 च्या जुलैत त्यांचा 10 वर्षांचा प्लॅन आला, मोठ्या हॉस्पिटलातली गर्दी काढून घराजवळच्या केंद्रात न्यायची असं त्यात आहे. आईला हे सांगितलं तर म्हणते, "फोन उचलते तं कोणी!"

आता आपल्याकडं कोणी विचारतच नाही असं नाही हं. 2005 ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगावी आरोग्य समित्या झाल्या, अन इकडं अमरावती जिल्ह्यात तर 2007 पासून लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी दवाखान्यावर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायचं, असं काम सुरू झालं, त्यातल्या जनसुनवाईत बायाबापड्यांनी साहेबलोकांसमोर उभं राहून विचारलं की औषध बाहेरून कायले आणाले लावता.

पण आमच्या गावची मीटिंग ऐका. उपकेंद्रात काय सुधारणा पाहिजे यावर गावाचं म्हणणं घ्यायचं होतं. दिवस कापूस वेचणीचे, टाइम सकाळी 11 चा. वेचणीची मजुरी किलोवर, मग कोणती बाई येईल? आलो आम्ही 9 माणसं, त्यातले दोघं तर सोयाबीनचा भाव बोलून राहिले होते. ठराव झाला काय, तर इमारतीला रंग अन समोर गेट. मग सह्या कमी पडल्या म्हणून संध्याकाळी रजिस्टर घरोघर फिरलं. काकू भाकरी थापून राहिली होती, तसाच अंगठा दिला, शाईसोबत ज्वारीचं पीठबी उमटलं कागदावर. कशाचा कागद आहे हे तिनं विचारलं नाही, अन खरं सांगतो, मीबी सांगितलं नाही.

गडचिरोलीत अभय अन राणी बंग या डॉक्टर नवरा-बायकोनं आदिवासींना विचारलं होतं की दवाखाना कसा पाहिजे. लोकं म्हणाले, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा पाहिजे. मग त्यांच्या शोधग्रामला झोपड्यांसारखा दवाखाना झाला अन नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. असं उत्तर रजिस्टर फिरवून मिळते का? तिथं जाऊन बसा लागते.

अन आमच्याकडं शेतातल्या पंपाची लाईट रात्रीची असली की ओलिताला रात्रीच जावं लागते, साप काय दिवस पाहून चावते? नियमानं प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकसंख्येमागं एक, आदिवासी भागात 20,000 मागं. कागदावर बरोबर आहे सगळं. मागं शेजारच्या पोराला चावला तेव्हा रात्री केंद्रावर डॉक्टर नव्हता, तालुक्याला नेला मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून. वाचला बिचारा.

परवा मी काकूला म्हटलं, यावेळी मीटिंग रात्री जेवणं झाल्यावर पारावर ठेवाले सांगतो, तू ये. ती सुपात तांदूळ निवडून राहिली होती, मान वर न करता म्हणाली, "येतो न. पण पहिले हे लिहून घे, रात्री तिथली किल्ली कोणापाशी राह्यते?"