सूचीची आदरांजली

विद्वान सहकारी गेला की चार दिवसांत श्रद्धांजलीचे लेख येतात. ‘पोकळी’ निर्माण झालेली असतेच, आणि निम्म्या लेखांत गेलेल्यापेक्षा लिहिणाराच जास्त दिसतो. त्याच्या लेखनाची सूची करायला मात्र कुणी बसत नाही. किचकट काम, टाळ्या नाहीत!

१९४३च्या जानेवारीत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं देत होते. तीन झाली, चौथं राहिलं, २१ तारखेला ते गेले. भांडारकर संस्थेतले त्यांचे सहकारी परशुराम कृष्ण गोडे यांनी नियतकालिकांत विखुरलेले त्यांचे निबंध गोळा करून १९४४ आणि १९४५ साली दोन खंड काढले. व्याख्यानांचं पुस्तक मात्र १९५७ साली निघालं.

सूची घरच्या कपाटापासून सुरू करावी, तीही रद्दीवाला येण्याआधी. ऑफप्रिंटच्या, म्हणजे लेखाच्या सुट्या छापील प्रतीच्या, समासात लेखकानं पुढे केलेल्या दुरुस्त्या असतात, त्या ग्रंथालयातल्या अंकात सापडणार नाहीत. खरा घोळ सालांचा. अंकावर एक साल, तो छापून आला दोन वर्षांनी. दोन्ही नोंदवावीत, नाहीतर कुणी कुणाचं वाचून लिहिलं याचा हिशेब उलटा होतो. एकच निबंध मथळा बदलून दोनदा छापलेला असतो. शेवटचा परिच्छेद ताडून पाहावा, फरक बहुधा तिथेच असतो.

विद्वानाच्या टिपणांच्या कार्डांच्या खोक्यांना हात लावण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो घ्यावा. गंजलेल्या टाचण्या आणि चिकटलेले रबरबँड काढायचे, क्रम मात्र हलवायचा नाही. समजा, एका कार्डावर फक्त ‘आ. ४०’ आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे. हे महाभारतातलं आदिपर्व, आरण्यक, आश्वमेधिक की आश्रमवासिक? चिकित्सक आवृत्तीत चाळिसावा अध्याय चौघांतही आहे. शेजारचं कार्ड परीक्षिताच्या सर्पदंशाबद्दल असेल, तर आदिपर्वाकडे बोट जातं. उत्साही विद्यार्थ्यानं कार्डं अकारविल्हे लावली की तो धागा गेलाच.

परीक्षणं, प्रस्तावना, कोशातल्या निनावी नोंदीही घ्याव्यात. निनावी नोंदीला हस्तलिखिताचा किंवा पत्राचा आधार हवा. आणि पुढे लेखकानंच मागे घेतलेलं मत ज्या लेखात आहे तोही घ्यावा. शिष्यांना तो गाळायची फार घाई असते.