बारदान चालेल का?

रबाळे एमआयडीसीत आमचा फायबरचा गाळा आहे. पाच माणसं, दोन लांब टेबलं, मागे साच्यांची रांग. टाक्यांची झाकणं, बागेतल्या घसरगुंड्या, भाद्रपदाच्या आधी मखरांचे खांब. १९९८ पासून रेझिनचा, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा, वास माझ्या कपड्यांत आहे. घरात लग्नकार्य असलं की आदल्या दिवशी मी गाळ्यावर पाऊल ठेवत नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैत एक मुलगा स्टेशनवरून चालत आला. खांद्यावर चादरीत गुंडाळलेला प्लास्टरचा साचा. चादर पावसाने चिंब, पण साचा त्याने आतून प्लास्टिकमध्ये नीट बांधून आणला होता. तिथेच मला तो आवडला. टेबलावर उघडला तर आत माणसाची पाठ. साच्यात सगळं उलटं असतं, उंचवट्याच्या जागी खड्डा, पण इतक्या वर्षांच्या सवयीने मला सुलटंच दिसतं. मानेच्या खाली कातडी जाड होऊन आलेली गाठ. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला.

"माझ्या वडिलांची," तो म्हणाला. "तुर्भ्याला दाणाबाजारात माथाडी आहेत. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, माथाडी वसाहतीत." शिल्पकलेचं शेवटचं वर्ष होतं त्याचं. मग जरा थांबून म्हणाला, "काकू, मॅटऐवजी बारदान चालेल का?"

मॅट म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची गादी. फायबरची सगळी ताकद तिच्यात. साच्याला आधी वॅक्स मारायचं, मग जेलकोट, म्हणजे रेझिनचाच बाहेरचा गुळगुळीत थर, तो अर्धवट सुकला की मॅटचे तुकडे ठेवत ब्रशने रेझिन पाजायचं आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. काचेची कुसळं मनगटापासून मानेपर्यंत खाजतात. नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात रात्री झोपत नाही. मी स्वतः नारळाचं तेल लावून बसायचे, त्याने काही होत नाही हे कळायला दोन वर्षं गेली.

मी सरळ नाही म्हटलं. ताग पाणी धरतो, रेझिन पितो, पावसाळ्यात तर बघायलाच नको. तो उठला नाही. पिशवीतून तीन बारदानं काढून टेबलावर पसरली. शिवण उसवलेली, मधे आकड्याने पडलेली भोकं, कोपऱ्यात निळी छापील अक्षरं. "बाबांच्या पाठीवर हेच असतं," एवढंच म्हणाला.

करून बघू म्हटलं. पहिला तुकडा बिघडला. एक किलो रेझिनला मी साधारण पंधरा मिली हार्डनर घालते, पावसाळ्यात थोडा जास्त. तरी दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. तागातली ओल रेझिनला सुकू देत नव्हती, वरून पांढरट साय धरली होती. माझ्या कारागिराने तो तुकडा साच्यातून खरवडून काढला, अख्खा दिवस गेला. मुलगा शेजारी बसून खरवडत होता. त्या दिवशी त्याने मला फोनवर एक चित्र दाखवलं, आणि ते दाखवताना त्याचा चेहरा उतरलेला होता.

घाना देशातला इब्राहिम महामा नावाचा कलाकार. १९८७ चा जन्म. हजारो जुनी तागाची पोती एकमेकांना शिवून त्याने मोठमोठ्या इमारती झाकल्या आहेत. २०१५ मध्ये इटलीतल्या 'व्हेनिस बिएनाले' या मोठ्या कलाप्रदर्शनात उंच भिंतींच्या बोळातून माणसं चालत होती आणि दोन्ही बाजूंनी पोतीच पोती. ही पोती आशियात विणली जातात, घानात कोको भरायला जातात, कोकोनंतर कोळसा भरतात, आणि फाटली की महामाकडे येतात. "म्हणजे हे झालेलंच आहे काकू," मुलगा म्हणाला. "मी नक्कलच करतोय."

मी घरी जाऊन मुलाच्या लॅपटॉपवर ती छायाचित्रं मोठी करून पाहिली. ऐरोलीचे दिवे गेले होते, बॅटरी संपेपर्यंत बघत बसले. त्या पोत्यांवर मालकांची नावं, खुणा, ठिगळं. कोळशाचे काळे डाग. प्रत्येक पोतं दुसऱ्यापासून वेगळं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, तुझं पोतं तिथलं नाही. त्याच्या पोत्यात कोको होता, तुझ्यात तांदूळ. त्याने इमारत झाकली, तू बापाची पाठ करतोयस. भाकरीचं पीठ सगळ्या घरांत असतं म्हणून कुणी भाकरी थापायची थांबत नाही.

तेव्हापासून तो मला व्हॉट्सअॅपवर नावं पाठवतो आणि मी शोधून बघते. मला चित्रकलेतलं काही शिकवलेलं नाही, पण एक गोष्ट मला दिसते. कलादालनात चित्राशेजारी पट्टी असते ना, नाव, वर्ष आणि सगळ्यात खाली माध्यम. मी ती खालून वाचते. काय वापरलंय ते आधी. लोक विषयावर तासभर बोलतात आणि माल शेवटी, जमलं तर. माझ्यासाठी माल हाच पहिला प्रश्न आहे, कारण त्या मालाने कुणाचे तरी हात खाल्लेले असतात.

जितीश कल्लाट यांचं 'पब्लिक नोटिस २' असंच पाहिलं. २००७ चं काम. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० ला गांधीजींनी केलेलं भाषण, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर हाडाच्या आकाराचं. ४,४७९ तुकडे, सगळे फायबरचे. हे वाचून मी ताडकन उठून बसले. आमचाच माल! चार हजारांवर तुकडे म्हणजे प्रत्येकाची कड घासायची, पॉलिश पेपर मारायचा, धूळ नाकात जायची. भाषणातला एकेक शब्द कुणीतरी हातात धरून घासलेला आहे. अहिंसेचं भाषण हाडांतून वाचायचं, हे तर अंगावर येतंच, पण मला त्या घासण्यानेच गप्प केलं.

भारती खेर यांची हत्तीणही फायबरची आहे. २००६ ची, खऱ्या हत्तीणीएवढी, जमिनीवर कोसळलेली. अंगभर पांढऱ्या टिकल्या. त्यात फायबर शोधूनही दिसत नाही, कातडीच दिसते. आणि शीला गौडा यांनी १९९८ मध्ये सुयांमधून दोरा ओवून, त्यांच्या लांबच लांब दोऱ्या करून कुंकवात आणि डिंकात माखल्या. टोकाला सगळ्या सुयांचा झुबका. बाईच्या हाताला रोज लागणाऱ्या या तीन वस्तू, सुई, दोरा, कुंकू, आणि त्यांची शिरेसारखी लाल दोरी होऊन भिंतीवरून जमिनीवर उतरते. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पाहायचंय.

इथे एक सांगायलाच हवं. आम्ही स्वतः एका गृहसंकुलाच्या दारात ठेवायला फायबरचे दोन फ्लेमिंगो केले होते. गुलाबी इनॅमल, पाय लोखंडी सळीचे. पैसे वेळेवर मिळाले, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. पण ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला खाडीच्या चिखलात खरे फ्लेमिंगो मान खाली घालून चालताना दिसतात, आणि मला दर वेळी वाईट वाटतं, की आपण त्यांचा फक्त रंग घेतला. चिखल घेतला नाही.

चिखल घेणारा माणूस पलीकडच्या काठावर आहे. पराग तांडेल, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. कोळ्यांचं जगणं, मासे, खाडी हाच त्यांच्या शिल्पांचा विषय, आणि कादंबरी कोळी यांच्यासोबत त्यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज' हा समाजाच्या आठवणी जपणारा संग्रह उभा केलाय. माझं माहेर नौपाड्याचं. चेंदणीवरून आम्ही स्टेशनला जायचो, जाळी वाळत घातलेली दिसायची, वास यायचा म्हणून आई पदर नाकाला लावायची. तिथून असं काम निघेल हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं. सुधीर पटवर्धन यांच्याबद्दलही मला फार उशिरा कळलं. १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, आणि त्याच काळात गिरण्या, लोकल, इराणी हॉटेल, 'पोखरण', 'उल्हासनगर' रंगवत होते. दिवसभर माणसांच्या आतली हाडं बघायची आणि संध्याकाळी त्याच माणसांना कपड्यांसकट रस्त्यावर उभं करायचं.

मुलाने पाठवलेल्या नावांत मला सगळ्यात जवळचे वाटले प्रभाकर पाचपुते. चंद्रपूरकडच्या सास्तीचे, १९८६ चा जन्म, घरची माणसं कोळशाच्या खाणीत. ते भिंतीवर थेट कोळशाने प्रचंड चित्रं काढतात. प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते. ज्या कोळशाने घराची चूल चालवली आणि फुफ्फुसं काळवंडली, त्याचाच काळेपणा हातात घेऊन काढायचं. बाजारातून आणलेल्या रंगाने ते चित्र तसं झालं नसतं, असं मला अगदी आतून वाटतं.

आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. डहाणूजवळच्या पाड्यावरचे, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठीने लिहिणं हे वारली बायकांचं काम. जिव्यांनी ती तांदळाची पिठी भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, लग्नाबाहेर रोजच्या दिवसात आणली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. आज कुठल्याही कुर्त्यावर, मगवर वारली छापलेली असते. त्यात बाकी सगळं असतं, तांदूळ नसतो.

असो, पाठीकडे येते.

ऑगस्ट सरल्यावर ऊन पडलं. बारदानं दोन दिवस शेडच्या पत्र्यावर वाळवली, नंतर हॅलोजनखाली रात्रभर ठेवली. या वेळी जेलकोटमध्ये रंग घातला नाही, नितळच ठेवला, म्हणजे बारदानाची छापील बाजू बाहेरून दिसेल. बारदान एकदम न ठेवता वीतभर तुकडे केले. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर सुकवणारा द्रव, आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घेतला, मग हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट ओतले की पेट घेतात, हे मी मुलाला तीनदा सांगितलं. मानेच्या गाठीपाशी ताग वळेना, तिथे त्याने बोटांनी, हातमोजा काढून, दाबत दाबत बसवला. मी ओरडले. पण गाठ बसली.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. रेझिन प्यायलेला ताग मधासारखा झाला होता, दाराकडे धरला की उजेड आरपार येत होता. विणीतला प्रत्येक धागा कातडीवरच्या रेघांसारखा. उतरलेल्या खांद्यावर निळी अक्षरं अर्धी वाकून गेली होती.

त्या रविवारी मुलगा वडिलांना घेऊन आला. पांढरा शर्ट, पायांत नवीन चप्पल. साताऱ्याकडचे. मी खुर्ची दिली, चहा मागवला, ते बसले नाहीत. टेबलाभोवती एक फेरी मारली. पाठ त्यांनी दोन्ही हातांनी उचलायला घेतली आणि मधेच एक हात सोडला, इतकी ती हलकी होती. मग खिडकीकडे तोंड करून तिरपी धरली, खांद्यावरची अक्षरं डोळ्यांजवळ नेली.

"ताई, ह्ये करनालचं बारदान हाय," ते म्हणाले. "बासमतीचं. पन्नास किलोचं."