जंतू तोच, मग एकाला एकच चट्टा आणि दुसऱ्याला अंगभर गाठी का?

कुष्ठरोगाच्या कामात असलेल्या कुणालाही हा प्रश्न हमखास विचारला जातो. एकाच घरातले दोन सख्खे भाऊ. एकाच्या दंडावर एकच फिकट, बधिर चट्टा. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, भुवया बाहेरच्या बाजूने झडलेल्या, चेहऱ्यावर गाठी. जंतू तोच, ताटातलं जेवणही तेच. मग घरचे विचारतात, "याची इम्युनिटी कमी आहे का? वाढवायला काय खायला द्यायचं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

दुसऱ्या भावाची प्रतिकारशक्ती सरसकट कमी नसते. सर्दी-तापातून तो इतरांसारखाच बरा होतो, धनुर्वाताची लसही त्याला लागू पडते. कुष्ठरोगाच्या जंतूविरुद्ध त्याच्या रक्तात अँटीबॉडी असतात, त्याही बहुधा पहिल्या भावापेक्षा जास्त. पण इथे त्यांचा उपयोग होत नाही. हा जंतू त्वचेतल्या मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आणि नसांच्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींच्या आत राहतो. साधारण १२ ते १४ दिवसांत एकदा, इतक्या सावकाश तो दुप्पट होतो. अँटीबॉडी पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. जंतू मारायचा तर तो ज्या मॅक्रोफेजमध्ये बसला आहे, त्यानेच मारायला हवा, आणि त्यासाठी मॅक्रोफेजला इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रेणू मिळावा लागतो. तो प्रामुख्याने टी पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, देतात. सगळ्या मात्र देत नाहीत.

कोऱ्या सीडी४ टी पेशीला (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी पेशीला) सुरुवातीला ठरलेलं काम नसतं. एखाद्या जंतूचा एक विशिष्ट तुकडा ओळखणारी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक सापडते. त्वचेतली डेंड्रायटिक पेशी, म्हणजे पहारेकरी पेशी, जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि तिथे या दोघींची गाठ पडते. मग टी पेशीला तीन निरोप मिळावे लागतात. पहिला, डेंड्रायटिक पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी वर्ग-२ च्या रेणूवर मांडलेला जंतूचा तुकडा. दुसरा, डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी८० आणि सीडी८६ या रेणूंचा टी पेशीवरच्या सीडी२८ शी संपर्क. हा मिळाला नाही तर तुकडा ओळखूनही पेशी निष्क्रिय होते. तिसरा निरोप म्हणजे आजूबाजूला असलेली सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना संदेश द्यायला सोडलेली प्रथिनं. पेशी कोणत्या कामाला लागणार हे मुख्यतः त्यांच्यावर ठरतं.

इंटरल्यूकिन-१२ हे सायटोकाइन असेल तर पेशीत टी-बेट हे नियंत्रक प्रथिन वाढतं आणि ती टीएच१ होते, म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा बनवणारी. इंटरल्यूकिन-४ असेल तर गाटा-३ वाढतं आणि ती टीएच२ होते, म्हणजे जंत वगैरेंशी लढायला योग्य. टी-बेट आणि गाटा-३ एकमेकांना दाबतात. पेशी विभागत जाते तसं नको असलेल्या जनुकांभोवतीचं डीएनए घट्ट गुंडाळलं जातं. त्यामुळे सुरुवातीला वळवता येणारी पेशी पुढे सहजासहजी वळत नाही. टीएच१७, अँटीबॉडीला मदत करणाऱ्या टीएफएच आणि आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी हेही प्रकार आहेत, पण या प्रश्नापुरतं टीएच१ चं पाहू.

टीएच१ आणि टीएच२ हे दोन प्रकार १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत दिसले. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी कुष्ठरुग्णांच्या त्वचेचे तुकडे तपासले, तेव्हा एका चट्ट्याच्या प्रकारात इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-२ ठळक दिसले, तर गाठींच्या प्रकारात इंटरल्यूकिन-४, ५ आणि १०. सूक्ष्मदर्शकाखालीही फरक लगेच कळतो. पहिल्या भावाच्या बायोप्सीत घट्ट ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिकार पेशींचा पुंजका, असतो, सीडी४ पेशी आत मिसळलेल्या, सीडी८ पेशी (टी पेशींचा दुसरा प्रकार) कडेला, आणि जंतू शोधूनही क्वचितच सापडतो. दुसऱ्याच्या बायोप्सीत फेसाळ दिसणारे मॅक्रोफेज जंतूंनी गच्च भरलेले असतात आणि सीडी४ पेक्षा सीडी८ पेशी जास्त असतात.

दुसऱ्याच्या पेशी टीएच२ कडे का वळल्या? जंतूच्या आवरणातलं पीजीएल-१ हे मेदद्रव्य मॅक्रोफेजची प्रतिक्रिया मंदावतं, इंटरल्यूकिन-१० टीएच१ ला दाबतं, आणि आनुवंशिकतेचाही वाटा आहे. शिवाय बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्येच असतात. रिडली आणि जॉपलिंग या कुष्ठरोगतज्ज्ञांनी १९६६ मध्ये पाच गट मांडले ते यासाठीच. मधले गट अस्थिर असतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

टीएच१ जास्त म्हणजे चांगलं, असं समजू नका. मधल्या गटातल्या रुग्णात, बरेचदा औषध सुरू झाल्यावर, टीएच१ पेशी अचानक जोर धरतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात. तीच सूज कोपराच्या आतल्या बाजूच्या अल्नर नसेत येते. नसेचं आवरण ताणत नाही, त्यामुळे आतले तंतू दाबले जातात आणि काही दिवसांत करंगळी-अनामिकेतली ताकद जाऊ शकते. याला टाइप-१ रिअ‍ॅक्शन म्हणतात. रुग्णाला वाटतं औषध बाधलं आणि तो गोळ्या बंद करतो. कृपा करून तसं करू नका. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाचा अनेक औषधांचा एकत्रित उपचार, चालूच ठेवायची. सोबत डॉक्टर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात, सहसा रोज ४० ते ६० मिलिग्रॅमने सुरुवात करून पुढचे काही महिने हळूहळू कमी करत. मधुमेह आणि क्षयरोग आधी तपासावा लागतो, म्हणून ते मनाने घ्यायचं नाही. नस निकामी होऊन सहा महिने उलटले की ती पूर्ववत होण्याची आशा फार कमी राहते.

म्हणून दर महिन्याला दोन गोष्टी तपासा. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण बॉलपेनचं टोक तळहात-तळपायावर हलकेच टेकवायचं आणि कुठे लागलं ते त्याने बोटाने दाखवायचं. मग तळहात वर ठेवून करंगळी बाहेर ताणायला सांगायची आणि आपण ती आत ढकलायची. मागच्या महिन्यापेक्षा ताकद कमी वाटली, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही वेळा नस न दुखताच जाते.

आता इम्युनिटी वाढवायचं. टी पेशींचं हे वळण काढ्याने किंवा पावडरीने बदलत नाही. जंतू एमडीटीने मरतात: रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन, आणि गाठींच्या प्रकारात १२ महिने. मेलेले जंतू शरीरातून निघायला मात्र काही वर्षं लागतात, म्हणून औषध संपल्यावरही रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

पेशींना आधीच योग्य वळण लावायचा मार्ग म्हणजे लस. बीसीजी थोडंफार संरक्षण देते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ मध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या केलेल्या जंतूंपासून पुढे आयसीआरसी लस बनली. दक्षिण भारतातल्या चाचणीच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिचं संरक्षण सुमारे ६५ टक्के आणि बीसीजीचं सुमारे ३४ टक्के होतं. ती सर्रास वापरात आली नाही याची खंत वाटते.

घरातल्या बाकीच्यांसाठी आज हाताशी आहे ते रिफॅम्पिसिन, प्रौढांना ६०० मिलिग्रॅमचा एकच डोस, क्षयरोग नाही याची खात्री करून. आणि दरवर्षी एकदा दिवसाच्या उजेडात अंगभर तपासणी. पाठ आणि मांड्यांची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, ती घरच्यांनी पाहावी. रोगाची लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीसही लागतात, त्यामुळे पहिल्या तपासणीत काही आढळलं नाही तरी पुढच्या वर्षीची चुकवू नका.