सर्व्हर सोलापुरात, माणसं तीन देशांत: माझा अनुभव

आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय सोलापुरात, सहकारी काठमांडू आणि नैरोबीत. सगळ्यांच्या फायली, कॅलेंडर आणि संपर्क एका जागी आणायला चार कोअर, १६ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुरला. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), नेक्स्टक्लाउड (फायली, कॅलेंडर, संपर्क वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर), त्याच्या नोंदी ठेवणारा पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस आणि वेग वाढवणारं रेडिस. सॉफ्टवेअर फुकट आहे. वाचलेला पैसा यूपीएस आणि दोन नव्या एसएसडींवर घालावा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ‘नट’ (एनयूटी, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा. लाइट बराच वेळ आली नाही, तर बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे मशीन कपाटात कोंडू नका.

खरी झटापट इंटरनेटशी. राउटरवर वॅन आयपी (कंपनीकडून मिळालेला बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला, की समजायचं आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला सर्व्हरकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून कुणी आत येत नाही. म्हणून १ जीबी रॅमचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला छोटा आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे खासगी बोगदा बनवणारं सॉफ्टवेअर, टाकलं आणि यूडीपी ५१८२० पोर्ट तिथे उघडलं. सोलापूरचा सर्व्हर आतून तिथे जोडला जातो, बाकीचेही तिथेच येतात. फायली मात्र आपल्याच डिस्कवर राहतात. सर्व्हरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा छोटा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की मधला नॅट (पत्ते बदलून देणारी व्यवस्था) ती वाट विसरतो. हँडशेक (दोन टोकांची सुरुवातीची ओळख) होतो पण पुढे काहीच जात नाही, तेव्हा व्हीपीएसवरचं आयपी फॉरवर्डिंग (एकाकडून आलेला डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) तपासा. पिंग लागतं पण मोठी फाइल अडकते, असं मोबाइल हॉटस्पॉटवर झालं तर वायरगार्डचा एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० वरून १२८० करा. वायरगार्डच्या जाळ्याला १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची रेंज अजिबात नको, घरोघरच्या राउटरांशी ती भिडते, आम्ही १०.७३.० घेतली.

नैरोबीतल्या माणसाला फाइल किती वेगाने मिळेल, हे सोलापूरच्या अपलोडवर ठरतं. प्लॅन घेताना तोच आकडा विचारा.

कॅलेंडरमध्ये प्रत्येकाचा टाइमझोन लावून घ्या. नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, केनिया अडीच तास मागे.

दोन डिस्कची रेड-१ (दोन्ही डिस्कवर एकच माहिती ठेवणारी जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. रात्री नेक्स्टक्लाउडला मेंटेनन्स मोड (वापर तात्पुरता थांबवणं) लावून डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), मग फायलींसह रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या कार्यालयात प्रत. ती प्रत वेगळ्या मशीनवर उतरवून उघडते का ते पाहावंच, विशेषतः अपग्रेडच्या आधी. नेक्स्टक्लाउडची मुख्य आवृत्ती एकेकच चढवता येते, मधली गाळता येत नाही.